गाडीला काय दिसतं, काय दिसत नाही

शोरूममध्ये हल्ली इंजिनाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विक्रेता आधी सनरूफ उघडून दाखवतो, मग मोठा स्क्रीन, आणि मग आवाज थोडा खाली आणून सांगतो, ‘सर, यात एडास आहे. गाडी स्वतःच ब्रेक मारते.’ ते खोटं नसतं. पण ती कधी मारते, कशासमोर मारत नाही, आणि मारलाच तर मागून येणाऱ्या टेम्पोचं काय, असं विचारलं की तो ब्रोशर उघडतो आणि ब्रोशरमध्ये टेम्पो नसतो.

गाडीतल्या सुरक्षा यंत्रणांचे ढोबळमानाने तीन थर असतात. धडक झाल्यावर माणूस वाचवणारा पहिला. गाडी हाताबाहेर जाऊ लागली तर तिला सावरणारा दुसरा. आणि धडक होऊच नये म्हणून पुढचा रस्ता बघत राहणारा तिसरा. जाहिराती तिसऱ्या थराच्या होतात. पैसे मोजायची वेळ आली, तर माझ्या मते आधी पहिले दोन तपासावेत. ते पक्के असतील तरच तिसऱ्यावर खर्च करण्यात अर्थ आहे.

बेल्ट आधी, एअरबॅग नंतर

आजचा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वो कंपनीतल्या नील्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये तयार केला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिलं. इतक्या वर्षांत त्याचा आकार फारसा बदलला नाही, पण आत बऱ्याच गोष्टी आल्या. चांगल्या गाडीत धडक जाणवताच एक छोटा स्फोटक घटक बेल्ट झटक्यात आवळतो आणि अंगावरचा ढिलेपणा काढून घेतो. त्यानंतर छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की दुसरी यंत्रणा बेल्ट किंचित सोडते, नाहीतर बरगड्याच मोडतील.

एअरबॅग या सगळ्याला जोड म्हणून असते. गाडीचा वेग एकाएकी किती घटला हे सेन्सर मोजतात आणि गरज वाटली तर साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. इतक्या वेगाने येणारी पिशवी मऊ नसते. बेल्ट लावलेला माणूस योग्य जागी धरून ठेवलेला असतो, म्हणून ती त्याला झेलते. बेल्ट न लावलेला माणूस फुगत्या पिशवीवर जाऊन आदळतो. स्टेअरिंगला छाती टेकवून चालवणाऱ्यांनी म्हणूनच सीट मागे घ्यावी. छाती आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं. लांबच्या प्रवासात डॅशबोर्डवर पाय टाकून झोपणाऱ्या शेजाऱ्याला तसं झोपू देऊ नका. एअरबॅग उघडली तर त्याचे गुडघे त्याच्याच तोंडावर येतील.

डॅशबोर्डवरच्या गणपतीबद्दलही बोलायला हवं. डाव्या बाजूला जिथे ‘एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली असतात, तिथून झाकण फाटून पिशवी बाहेर येते. त्यावर चिकटवलेली धातूची किंवा दगडी मूर्ती थेट प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकली जाते. मूर्ती ठेवायचीच असेल तर लहान, हलकी, आणि त्या झाकणापासून दूर ठेवा. सीट कव्हरचंही तसंच आहे. बाजूच्या एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेतून उघडतात, आणि बाजारातलं घट्ट शिवलेलं लेदरचं कव्हर ती वाट बंद करतं.

मागच्या सीटचा बेल्ट आपल्याकडे अजूनही सीटच्या फटीत दडपलेला सापडतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. महागडी गाडी, त्यात भरपूर एअरबॅग. बेल्टची उणीव त्यातल्या कशानेच भरून निघाली नाही. शिवाय मागचा माणूस बांधलेला नसेल तर पुढच्याच्या पाठीवर येऊन पडतो, म्हणजे धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

पुढच्या सीटवर मांडीत मूल घेऊन बसणं तर अजिबात नको. ताशी ५० किलोमीटर वेगात धडक झाली तर दहा किलोचं मूल क्षणभर दोनशे किलोंहून जड होतं. कितीही घट्ट धरलं तरी कुठल्याही आईबापाच्या हातात तेवढी ताकद नाही. मुलांची सीट मागे, आयसोफिक्सच्या कड्यांना अडकवून लावा. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात एक हजार रुपये दंड आहे, पण एवढं वाचल्यावर दंडाची आठवण काढायची वेळ येऊ नये.

आणि ती बेल्टच्या खाचेत घालायची चपटी क्लिप, आवाज बंद करणारी! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना ती हटवायला लावली. तुमच्या गाडीत असेल तर आजच काढून फेका.

ब्रेक थरथरला म्हणून पाय काढू नका

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. तरीही ते काम करताना कसं वाटतं हे बऱ्याच चालकांनी अनुभवलेलं नसतं. एकदम जोरात ब्रेक मारला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी घसरत पुढे जात राहते. घसरणाऱ्या चाकाने गाडी वळत नाही. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्रपणे मोजतं. एखादं चाक लॉक होऊ लागलं की त्याच्यावरचा दाब सोडतं, पुन्हा देतं, पुन्हा सोडतं, आणि हे सेकंदात अनेकदा घडतं. पायाखालचं पेडल तेव्हा थरथरतं, खडखड आवाज येतो, आणि काहीतरी मोडलं असं वाटून माणूस पाय काढतो. तिथेच चुकतं. पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि स्टेअरिंग मोकळ्या जागेकडे वळवा. एबीएस आहे ते यासाठी. रिकाम्या मैदानात, मागेपुढे कुणी नाही हे बघून, ताशी ३०-४० वेगात हे एकदा करून पाहा. मात्र एबीएसमुळे गाडी नेहमीच लवकर थांबते असं धरून चालू नका. सुट्या खडीवर किंवा मुरुमावर ती उलट थोडी जास्त अंतर घेते.

स्थिरता राखणारी यंत्रणा, म्हणजे ईएससी, त्याच सेन्सरांच्या जोरावर एक पाऊल पुढे जाते. स्टेअरिंग कुठे वळलं आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळते आहे, या दोहोंची ती सतत तुलना करते. ओल्या वळणावर मागचा भाग बाहेर सरकू लागला, तर एकाच चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून गाडीला रेषेत आणते. कंपन्यांनी तिला वेगवेगळी नावं दिली आहेत: कुणी ईएसपी म्हणतं, कुणी व्हीएससी, कुणी व्हीएसए. पहिल्या पावसात बोरघाटात किंवा आंबोलीत गाडी कशी सुटते हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ईएससी म्हणजे चैन वाटणार नाही. गाडी घेताना तुम्हाला परवडणाऱ्या मॉडेलमध्ये ती आहे का हे विचारा. टॉप मॉडेलमध्ये असून उपयोग नाही. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकलं तर ती काम करते आहे. सतत पेटून राहिलं तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

घाटात यातलं काहीच तुमच्या मदतीला येत नाही अशी एक सवय आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि उतारभर ब्रेकवर पाय ठेवायचा. ब्रेक तापले की पकड जाते, आणि तापलेल्या ब्रेकवर एबीएसही चालत नाही आणि ईएससीही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडमध्ये जाऊन गिअर खाली घ्या.

कॅमेरा आणि रडार

आता एडास, म्हणजे पुढचा रस्ता बघत राहणारा तो तिसरा थर. आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा आणि पुढच्या बंपरात किंवा लोगोमागे लपलेलं रडार, बहुतेक गाड्यांत हे दोनच मुख्य डोळे असतात. कॅमेऱ्याला आकार कळतात: ही मोटार, ही दुचाकी, हा माणूस, ही पांढरी रेषा. पण अंतर तो अंदाजाने ठरवतो, आणि अंधार, धुकं, समोरचा उन्हाचा झोत यांत गडबडतो. रडारला अंतर आणि वेगातला फरक फार नेमका कळतो, रात्री आणि पावसातही. मात्र समोर नक्की काय आहे हे त्याला सांगता येत नाही. म्हणून दोघांची माहिती जुळवून निर्णय घेतला जातो.

इथे एक खाच आहे, आणि ती आपल्या रस्त्यांवर फार महाग पडू शकते. हायवेवर उभ्या असलेल्या धातूच्या वस्तू असंख्य असतात. फलक, रेलिंग, पुलाचे गर्डर, दिव्यांचे खांब. रडारने प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी दर कमानीखाली थांबेल. म्हणून बऱ्याच यंत्रणा हालचाल न करणाऱ्या वस्तूंकडून येणारे संकेत बाजूला टाकतात आणि कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच त्यांची दखल घेतात. पुढे चाललेली, वेग कमी करणारी मोटार त्यांना छान कळते. लेनमध्ये बंद पडलेला, मागचे दिवे नसलेला ट्रक रात्री ताशी १०० वेगात कळेलच असं नाही. ऊसाच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात रिफ्लेक्टर नसलेल्या, मागे दोन-तीन फूट ऊस बाहेर आलेल्या ट्रॉल्या रात्रभर चाललेल्या असतात. त्या पट्ट्यात एडासवर विसंबून चालू नका. वेग कमी ठेवा आणि पुढे काळं काही दिसलं की अपर-डिपर देऊन खात्री करा.

आपोआप लागणारा ब्रेक सहसा टप्प्याटप्प्याने येतो. आधी आवाज आणि लाल चिन्ह, मग काही गाड्यांत हलका झटका, आणि शेवटी पूर्ण ब्रेक. त्यातला पहिला आवाज मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ताशी १०० वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, आणि बेसावध माणसाचा पाय ब्रेकवर पोचायला सेकंद-दीड सेकंद सहज जातो. आवाज तो वेळ वाचवतो. शहरात मात्र रिक्षा आणि दुचाक्या अगदी नाकासमोरून शिरतात, आणि यंत्रणा मध्येच घाबरते. तेव्हा चिडून ती कायमची बंद करणारे खूप आहेत. तसं करू नका. मेनूमध्ये जाऊन इशाऱ्याची वेळ ‘उशिरा’वर ठेवा. बहुतेक गाड्यांत तीन पर्याय असतात.

क्रूझ कंट्रोलचा नवा प्रकार पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या सपाट भागात आणि समृद्धी महामार्गावर त्याचा खरा आराम मिळतो. घाटात तो बंद करा. कारण साधं आहे: वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेतून निसटली की रस्ता मोकळा झाला असं समजून तुमची गाडी ठरवलेल्या वेगाकडे झेपावते. तुम्ही १०० लावून ठेवला असेल तर तीव्र वळणात ती वेग वाढवेल. एक्सप्रेसवेवरून बाहेर पडण्याच्या वळणावरही असंच होतं. शहरातही तो फारसा कामाचा नाही. गाडी पुढे अंतर सोडते, त्या अंतरात कुणीतरी घुसतं, ती पुन्हा मागे राहते, पुन्हा कुणीतरी घुसतं.

लेन राखणाऱ्या यंत्रणेचा पहिला अनुभव बहुतेकांना घाबरवतो. रेषा ओलांडू लागलात की स्टेअरिंग हलकेच मागे ओढतं. खड्डा चुकवायला गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगनेच अडवलं, तर क्षणभर काय झालं ते कळत नाही. ती ओढ मजबूत नसते. हाताने जोर दिला की मोडते. इंडिकेटर दिला तर ती येतच नाही. इंडिकेटर न देता लेन बदलायची आपली जुनी खोड या यंत्रणेने तरी सुटेल, अशी मला आशा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या अर्धवट टप्प्यांवर जुन्या-नव्या रेषा एकमेकींवर येतात, वळवलेल्या रस्त्यावर रेषाच नसतात, आणि पावसात ओल्या डांबरावर दिव्यांचं प्रतिबिंब रेषेसारखं दिसतं. तिथे ती बंद ठेवणं बरं.

ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारा आरशातला दिवा मात्र मला बिनतक्रार आवडतो. तो ढवळाढवळ करत नाही, आणि डाव्या बाजूने शिरणारी दुचाकी वेळेवर दाखवतो. पार्किंगमधून मागे घेताना आडवं कुणी येत असेल तर सावध करणारी सोयही अशीच उपयोगी. सोसायटीच्या फाटकावर रोजच.

या सगळ्याला ‘लेव्हल २’ म्हणतात. शून्य ते पाच अशा श्रेणीत दोनचा अर्थ इतकाच, की गाडी एकाच वेळी स्टेअरिंग आणि वेग दोन्हींत मदत करते. डोळे, हात आणि जबाबदारी पूर्ण तुमची. ‘लेव्हल २ प्लस’ ही त्या श्रेणीतली पायरीच नाही, ते विक्रीचं नाव आहे.

डोळे स्वच्छ ठेवायचे

यंत्रणा बिघडण्याची बरीच कारणं घरगुती असतात. फास्टॅग काचेच्या मध्यभागी आरशामागे लावायची पद्धत आहे, आणि कॅमेराही तिथेच असतो. त्यामुळे टॅग कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर लावून घ्या. आरशाला लटकणारी माळ, काचेवरचं मोठं स्टिकर, डॅशकॅमची वायर, यातलं काहीही कॅमेऱ्यासमोर नको. पुढची काच बदलली तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावाच लागतो. कोन अंशभर बदलला तरी शंभर मीटरवर रेषा पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे शेजारची लेन आपली वाटू शकते. विमा कंपनीने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात हे काम आहे का ते विचारा. बऱ्याचदा ते सुटतं. बंपरला पुटी लावून पुन्हा रंगवला, रडारसमोर नंबरप्लेट सरकवली किंवा चिखल साचला तरी रडार आंधळं होतं. लोखंडी गार्ड तर २०१७ पासून बेकायदाच आहेत. ते धडकेचा जोर वेगळ्या वाटेने नेतात आणि एअरबॅगच्या सेन्सरांचा हिशेब चुकवतात.

टायरचं कौतुक कुणी करत नाही, पण यातली प्रत्येक यंत्रणा शेवटी रस्त्याला टेकलेल्या चार तळहातांएवढ्या रबरावर उभी आहे. टायर गुळगुळीत असेल तर सगळे सेन्सर मिळूनही काही करू शकत नाहीत. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. समृद्धीवर जायचं असेल तर हवा थंड टायरमध्ये, दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरून घ्या.

घेताना काय विचाराल

धडकेच्या चाचणीवरून गाड्यांना तारे देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. पाच तारे मिळाले म्हणून खूश होताना हा आकडा लक्षात असू द्या. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे १०० च्या वेगाला ती चाचणीतल्या ऊर्जेच्या जवळजवळ अडीचपट असते, आणि समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेला साडेतीनपट. मोठ्यांचे तारे आणि मुलांचे तारे वेगळे असतात, दोन्ही बघा. मागच्या मधल्या सीटला तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आणि डोकं टेकायला आधार आहे का, हे हाताने तपासा. चाचणीसाठी गाडी चालवायला मिळाली की संध्याकाळची वेळ मागा, म्हणजे हेडलाइटही कळतील. एडासचं एकेक बटण चालू-बंद करून दाखवायला सांगा. विक्रेत्याला जमलं नाही, तर डिलिव्हरीच्या दिवशी सर्व्हिसच्या माणसाकडून ते करून घ्या. घरी आल्यावर सगळं एकदम वापरू नका. पहिला आठवडा नुसता ब्लाइंड स्पॉट आणि पुढच्या धडकेचा इशारा, मग एखाद्या मोकळ्या रविवारी सकाळी क्रूझ कंट्रोल, लेनचं सगळ्यात शेवटी.

जुनी गाडी घेत असाल तर एक तपासणी फुकटात होते. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर बिघाड आहे. मुळीच पेटला नाही तर त्याहून वाईट: अपघातात उघडलेल्या एअरबॅग बदलण्याचा खर्च वाचवून कुणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो. मग स्टेअरिंगचं मधलं झाकण आणि डॅशबोर्डचा डावा भाग निरखून बघा. रंगात फरक, कडेला चिकटवल्याच्या खुणा, ताण न घेणारा ढिला बेल्ट, यांतलं काहीही दिसलं तर भाव कितीही उतरवला तरी ती गाडी सोडून द्या.